बाबांच्या रक्तातली गर्दी

माझे बाबा टेलर होते. आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे; बाबांनी माग सोडला आणि मशीन धरलं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तिथे गणवेशाच्या कापडाचे ढीग लागायचे. बाबा मान वर न करता काम करायचे. माप घेताना मात्र माणसाकडे नीट बघायचे. कुणाचा एक खांदा उतरता आहे, कोण पोट आत ओढून उभा आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात यायचं आणि कपडा त्या हिशेबाने बेतला जायचा.

आई गेल्यावर मी त्यांना नागपूरला, नंदनवनात आमच्या घरी घेऊन आले. मशीनही आणलं आणि ते मागच्या गॅलरीत ठेवलं. पण तोवर त्यांची बोटं आखडायला लागली होती. संधिवात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे. कात्रीच्या कडीत अंगठा गेला तर निघायचा नाही. शर्टाची बटणं लावायला मी पुढे झाले की मागे सरायचे. "राहू दे बाई, मी लावतो." मग दाराआड उभे राहून किती तरी वेळ खुडखुड करत बसायचे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या सावकाश गुण देतात, महिने लागतात, असं सांगितलं होतं. बाबांना मळमळायचं. थोडे दिवस घेतल्या आणि बंद करून टाकल्या. मी ऑफिसला जाणार, नवरा फिरतीवर. दिवसभर ते आणि ते झाकून ठेवलेलं मशीन.

असेच एकदा काटोलहून त्यांचे जुने स्नेही आले. उमरेडला असताना त्यांचे कपडे बाबाच शिवायचे. आता ते काटोलच्या संत्र्याच्या बाजारात अडत्याकडे काम करत. संत्र्यांची थैली आणि तिच्यात कागदाच्या लहान लहान पुड्या. बाबांचे हात बघून त्यांना वाईट वाटलं.

"ही पुडी दुधासंगं घेऊन पाह्य गा," ते म्हणाले. "माहे गुडघे पाह्य. आता मी पोतं उचलतो. आमच्याकडं एक वैद्य हाये. जंगलातल्या मुळ्या आणते अन् कुटून देते. गोळ्याबिळ्या काही नाही."

बाबांनी पुडी घेतली. तपकिरी भुकटी, सुंठीसारख्या वासाची. मीही वास घेऊन बघितला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चार-पाच दिवसांनी मला मशीनच्या आवाजाने जाग आली. गॅलरीत जाऊन बघते तर बाबा जुन्या उशीचा अभ्रा शिवत बसलेले. माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात वर केले, मुठी मिटल्या, उघडल्या, परत मिटल्या. लहान मुलाला दाखवतात तसं. मी दार धरून तिथेच उभी राहिले, आणि मला रडू आलं.

त्यानंतरचं वर्ष आमच्या घरातलं फार चांगलं वर्ष होतं. हे मला आजही तसंच म्हणावंसं वाटतं. दसऱ्याच्या आधी आमच्या गल्लीत पांढऱ्या कपड्यांची घाई असते. दीक्षाभूमीला जायचं तर घरातल्या प्रत्येकाला पांढरं हवं. त्या वर्षी अर्ध्या गल्लीचे सदरे बाबांनी शिवले. पहाटे उठायचे, झोप कमी झाली होती, पण त्याची त्यांना तक्रार नव्हती. भूक एवढी लागायची की जेवून उठल्यावर पुन्हा डब्यातले शेंगदाणे खायचे. गाल भरले. उमरेडचे नातेवाईक आले की म्हणायचे, "पोरीचं घर मानवलं यायले." मला ते ऐकायला बरं वाटायचं.

पुड्या आणायला ते स्वतः बसने काटोलला जाऊ लागले. आणि त्यांनी इतरांनाही त्या द्यायला सुरुवात केली. आमच्या समोर एक काकू राहतात. एकट्या आहेत. आसपास खोल्या करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे करून देतात. दिवसभर ओट्यापाशी उभं राहायचं, आणि गुडघे गेलेले. बाबांनी त्यांना पुडी नेऊन दिली. गल्लीत आणखी दोघांना दिली. काकू आठवड्याभरात सांगायला आल्या, "भाऊ, माह्या पायात जीव आला."

काही गोष्टी दिसत होत्या. बाबांच्या हातांवर जांभळे डाग पडायचे. नुसता दाराला हात लागला तरी. कातडी पातळ, कागदासारखी झाली होती. चेहरा गोल होत गेला, पण पाय बारीक. कधी कधी उगाच चिडायचे, एरवी कधीच चिडत नसत ते. मी मनात म्हणायची, वय झालं. दिसणारी प्रत्येक गोष्ट वयाच्या खात्यात टाकून मी मोकळी व्हायची.

मग त्यांना सुईत दोरा ओवता येईना. बोटं चालत होती, नजर धुरकट झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन करून टाकू म्हणाले, त्याआधी रक्ताच्या तपासण्या करून आणा. साधी गोष्ट. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून रिपोर्ट आणायला गेले. साखर वाढलेली होती. आणि पांढऱ्या पेशींचा आकडा जेवढा जास्तीत जास्त असायला हवा, त्याच्या जवळपास दुप्पट होता.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी हे बघून घ्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, ताप आहे? खोकला? लघवीची जळजळ? कुठे जखम? बाबांना काहीच नव्हतं. तरी कुठे तरी जंतुसंसर्ग असेल म्हणून त्यांनी औषधं दिली. पुन्हा तपासलं. आकडा जागचा हलला नव्हता. डॉक्टर रिपोर्टकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा रक्ताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

रक्ताचे डॉक्टर म्हणजे काय, हे त्या विभागाच्या बाकावर बसल्यावर मला कळलं. समोर एक बाई बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला, खाली केस नव्हते. एक तरुण माणूस भिंतीला टेकून डोळे मिटून पडला होता. बाबा हळूच म्हणाले, "बाई, इथं कॅन्सरवाले येतेत का?"

"सगळेच येतेत, बाबा."

"मले सांगून ठेव. मी भीत नाही."

त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो ओला झाला होता.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. रिपोर्ट त्यांनी उघडलाच नाही. बाबांना म्हणाल्या, "काका, जरा शर्टाच्या बाह्या वर घ्या." डाग बघितले. मानेमागे हात फिरवला. तिथे मांसाचा उंचवटा आला होता, तो मी कधी पाहिलाच नव्हता. पोट बघितलं. मग बाबांच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तो स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या आणि खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या.

"काका, कोणतं औषध घेता?"

"कोणतंच नाही."

"दम्याचं? अंगदुखीचं? कुणी दिलेली गोळी?"

"गोळी घेत नाही मी. बंद केल्या."

ते खरंच बोलत होते. मीच म्हणाले, "पुडी घेतात. मुळ्यांची. हात दुखतात म्हणून." हे बोलताना माझंच बोलणं मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

डॉक्टरांनी सावकाश मान हलवली. त्यांना राग आलेला दिसला नाही. त्या म्हणाल्या, या भुकटीत स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार. आणि मग त्यांनी बाबांना जे समजावून सांगितलं, ते मी तेव्हापासून इतक्या वेळा आठवलं आहे की आता त्यांचे शब्द कुठले आणि माझे कुठले, मला सांगता येणार नाही.

त्या म्हणाल्या, आपण तपासणीसाठी रक्त काढतो तेव्हा वाहत्या रक्तातल्याच पेशी मोजल्या जातात. पण पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा वाहत नसतो. रक्तवाहिनीच्या आतल्या कडेला त्या चिकटून बसलेल्या असतात. बर्डीच्या बाजारात दुकानांच्या पायऱ्यांवर, ओट्यांवर माणसं टेकलेली असतात ना, तशा. शरीरात कुठे जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या पेशी कडेला धरून भिंतीतून पलीकडे जातात आणि कामाला लागतात. स्टेरॉइड आलं की त्यांची कडेवरची पकड सुटते. सगळ्या पायऱ्या सोडून रस्त्यावर. गावात नवीन माणूस आलेला नाही, पण रस्त्यावर गर्दी.

"म्हणजे वाढल्या नाहीत?" बाबांनी विचारलं.

"थोड्या वाढतातही. या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. स्टेरॉइडमुळे तिथून तयार पेशी जास्त बाहेर सोडल्या जातात. आणि ज्या एरवी लवकर मरायच्या, त्या जास्त टिकतात. असं सगळं मिळून आकडा फुगतो. पण कॅन्सर असता तर मला कच्च्या, अर्धवट पेशी दिसल्या असत्या. तुमच्या सगळ्या पिकलेल्या आहेत. आणि पांढऱ्या पेशींचेच बाकीचे प्रकार उलटे कमी झालेत. ॲलर्जीत वाढतो तो प्रकार तर शोधूनही सापडला नाही. ही स्टेरॉइडची खूण आहे."

मी एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. बाबांनी मात्र सोडला नव्हता. त्यांनी विचारलं, "गर्दी वाढली तं चांगलंच ना मॅडम? रोगाशी लढतेत त्या."

"लढायला रस्ता सोडून आत जावं लागतं, काका. या जातच नाहीत. नुसत्या फिरतात. बाहेरून दिसते गर्दी, पण कामावर कोणी नाही. म्हणून स्टेरॉइडवरच्या माणसाला मोठा संसर्ग झाला तरी कधी कधी ताप येत नाही, लाली येत नाही, दुखत नाही. तेच मला भीतीचं वाटतं."

शेवटी त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. हे एकदम बंद करायचं नाही. असाच पदार्थ शरीर स्वतः बनवतं, मूत्रपिंडावरच्या दोन छोट्या ग्रंथींत. बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या झोपी जातात. त्यांना सावकाश उठवावं लागतं. पुडीच्या जागी त्यांनी मोजून गोळी लिहून दिली, ती हळूहळू कमी करायची होती. सकाळच्या रक्ताची आणखी एक तपासणी सांगितली. तिच्यात बाबांच्या शरीराचं स्वतःचं हार्मोन जवळजवळ नव्हतंच.

घरी येताना रिक्षात मला वाटलं, बाबांना सुटल्यासारखं वाटत असेल. मला तर वाटत होतं. पण त्यांना तसं मुळीच वाटत नव्हतं. ते फसवले गेले होते, आणि वर स्वतःच्या हाताने तीन घरी ते वाटून आले होते. घरी आल्याबरोबर त्यांनी उरलेल्या पुड्यांपैकी दोन माझ्या हातावर ठेवल्या, बाकी सगळ्या नाल्यात फेकल्या. गोळीही त्यांनी घेतली नाही, हे मला नंतर कळलं. मी पाणी द्यायची, ते गोळी तोंडात टाकायचे आणि मी वळले की काढून ठेवायचे. मॅडमने विष म्हटलं नव्हतं, पण बाबांच्या डोक्यात तो शब्द बसला होता. विष एकदा कळल्यावर ते हळूहळू घ्यायचं म्हणजे काय?

तो पुढचाच रविवार होता. आदल्या दिवसापासून त्यांना अन्न नको झालं होतं. सकाळी उलट्या झाल्या. बोटं तर पुन्हा सुजलीच होती, पण त्याहून वेगळं काही तरी होतं. अंगातला सगळा माणूसच निघून गेल्यासारखे ते पडले होते. "बाबा, उठता का?" म्हटलं तर डोळे उघडायचे आणि मिटायचे. नवऱ्याने आणि मी त्यांना उचलून खाली आणलं. समोरच्या काकू पायऱ्यांवरून धावत आल्या आणि त्यांनी बाबांचे पाय धरले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तदाब एकदम खाली गेला होता. आतल्या तरुण डॉक्टरने आमची कागदपत्रं बघितली, मॅडमना फोन लावला आणि लगेच शिरेतून इंजेक्शन दिलं. मी विचारलं, कशाचं? तो म्हणाला, स्टेरॉइडचं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. सलाइन सुरू होतं. संध्याकाळपर्यंत बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी चहा मागितला. ज्याने त्यांना पाडलं होतं, त्यानेच उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम वॉर्डात आल्या. बाबा त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून बसले. त्या रागावल्या, पण थोड्याच. गोळी का नाही घेतली, विचारलं. बाबा म्हणाले, "विष हाये म्हणून."

"विष नाही, काका. रोज पहाटे तुम्ही उठायच्या आधी तुमचं शरीर हेच बनवतं. त्याच्या जोरावर माणूस अंथरूण सोडतो. तुम्हाला मिळालं ते बेहिशेबी मिळालं, एवढंच."

मग बाबांनी जे विचारलं त्याला मी तयार नव्हते.

"मॅडम, एक सांगा. मागच्या वर्षी मी जो होतो... पहाटे उठून काम करून राहिलो होतो, हसून राहिलो होतो. तो मी होतो का औषध होतं?"

मॅडमच्या मागे नर्स पुढच्या खाटेकडे जायला थांबली होती. "कपडे कोणी शिवले?" त्यांनी विचारलं.

"मी."

"औषधाला शिवता येतं का?"

बाबा किंचित हसले. पण मला माहीत होतं की त्यांचं समाधान झालेलं नाही. माझंही झालं नव्हतं. आजही नाही. माणसाची उमेद, त्याची चिडचिड, भूक, सकाळी उठावंसं वाटणं, हे सगळं एवढ्याशा पदार्थाच्या कमी-जास्तीवर हलत असेल, तर आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो नेमका कुठे असतो? मला एवढंच दिसतं की त्या वर्षी बाबांच्या हातात जोर कुणाचाही असो, त्यांनी तो गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवण्यात घातला. दुसऱ्या कुणी तो भांडण्यात घातला असता.

गोळी महिन्या-महिन्याने कमी होत गेली. सोबत संधिवाताचं खरं औषध सुरू झालं, तेच, सावकाश गुण देणारं. पांढऱ्या पेशींचा आकडा प्रत्येक वेळी थोडा खाली येत होता. गालही उतरले. मला वाटायचं, जुने बाबा परत येताहेत. पण जुने बाबा म्हणजे दुखणारे बाबा. काही बोटं सरळ झाली, दोन वाकडीच राहिली. मशीनवर आता ते थोडा वेळ बसायचे आणि उठायचे.

जरा चालता येऊ लागल्यावर ते म्हणाले, "काटोलले जाऊ."

मी नको म्हणत होते. पण मीच त्यांना घेऊन गेले. वैद्याचं घर गावाबाहेर, बागांच्या वाटेवर. अंगणात बाकं, बाकांवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं. वैद्य स्वच्छ कपड्यांतला, गोड बोलणारा माणूस. बाबांना ओळखून त्याने खुर्ची दिली. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बोलून दाखवलं. तो शांतपणे ऐकत होता.

"ताई, माझ्या औषधात जडीबुटीशिवाय काही नाही."

बाबा म्हणाले, "मंग बंद केल्यावर मी मरता मरता काहून वाचलो?"

"म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, काका, की औषध बंद करू नका."

हे तो हसतमुखाने बोलला. बाबा उठले. मला वाटलं, आता भांडतील. ते बाकांवरच्या लोकांकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, मी टेलर हावो. मी वर्षभर हे घेतलं. यात डॉक्टरची गोळी कुटून टाकते. तुमाले घ्याचं तं घ्या. पण आपल्या मनानं एकदम सोडू नका. दवाखान्यात जा, सांगा का आम्ही हे घेतो, अन् मंग सोडा." दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले. परतीच्या बसमध्ये बाबा म्हणाले, "मीही बसलो असतो."

राखून ठेवलेल्या दोन पुड्यांसह आम्ही औषध खात्याकडे तक्रार दिली. काही दिवसांनी बाबांच्या स्नेह्यांकडून कळलं की ते अंगण रिकामं आहे. वैद्य गेला कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं. पुड्या मिळेनाशा झाल्यावर तेही घाबरून दवाखान्यात गेले आणि निभावले. गल्लीतल्या दोघांनी आधीच बाबांचं ऐकलं होतं. काकूंनी नाही.

बाबा त्यांच्याकडे कितीदा तरी गेले. एकदा मी सोबत होते. काकू पोळ्या लाटत होत्या, उभ्यानेच.

"मले बरं वाटून राहिलं भाऊ, मंग काहून सोडू? तुमाले पोरगी हाये, जावई हाये. माह्यं कोण हाये? मी बसली तं पोरं उपाशी राह्यतीन."

बाबा म्हणाले, "तुमचं खरं हाये वं बाई," आणि पाटावर बसून राहिले. काकूंनी पुड्यांचा साठा करून ठेवला होता. वैद्य गेल्यावरही त्यांना तो पुरत होता.

थंडीच्या सुरुवातीची गोष्ट. काकूंच्या पायावर गरम भांडं निसटून लहानशी जखम झाली होती. त्यावर त्यांनी हळद लावून पट्टी बांधली होती. बाबा त्यांच्याकडे वाटीभर साखर परत करायला गेले आणि त्यांची नजर पट्टीकडे गेली. "किती दिवस झाले?" काकू म्हणाल्या, झाले असतील बरेच, भरून येईना, पण दुखत नाही, ताप नाही, काही नाही. माप घेताना बघायचे तसे बाबा त्या पायाकडे बघत राहिले. घोट्यापर्यंत सूज होती. मग ते आमच्या दाराशी आले आणि मला हाक मारली. त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"बाई, रिक्षा बोलाव. आत्ताच."

"काय झालं?"

"तिले दुखत नाही. ताप बी नाही."

मला एक क्षण लागला, मग समजलं. काकू ऐकत नव्हत्या, डबे अर्धे भरले होते. बाबांनी त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला आणि गॅस बंद केला. म्हणाले, "डबे मी पोचवतो. तुम्ही हिच्यासंगं जा. मी तुमाले पुडी आणून देल्ली, आता मीच म्हणतो, चला." काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि निमूट चप्पल शोधू लागल्या.

पायात आतवर पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असता तर पाय वाचवणं कठीण होतं. मी पुडीचं सांगितलं. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं, आणि बाबांना ज्या वाटेने नेलं होतं त्याच वाटेने आता काकूंना न्यायचं ठरलं. जखम भरायला दोन महिने गेले. गुडघे पुन्हा धरले. आता त्या उंच स्टुलावर बसून पोळ्या करतात, डब्यांची संख्या कमी केली आहे आणि भाजी चिरायला बाबा जातात. वाकड्या बोटांनी त्यांची भाजी जाडी चिरली जाते, आणि मुलं ती खातात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन शेवटी या उन्हाळ्याच्या आधी झालं. रक्ताचे सगळे आकडे जागेवर होते. मॅडम म्हणाल्या होत्या की मोतीबिंदू वयानेही होतो, पण पुडीने घाई केली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा मी समोर उभी होते. बाबांनी डोळे मिचकावले, खिडकीकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

"काय बाबा? दिसते ना नीट?"

"दिसते," ते म्हणाले. "किती थकली वं तू बाई."

मी त्यांची चप्पल पुढे सरकवली आणि म्हटलं, चला, खाली रिक्षा उभी आहे.